कुणी एक प्रभंजन

गिरगावातल्या मुलींच्या एका शाळेत उर्मिला गोरक्षकर भूगोल शिकवायची. वर्गात शिरताना तिच्या काखेत नकाशाची गुंडाळी असायची आणि हातात लांब छडी. छडी मुलींसाठी नव्हती, नकाशावरच्या नद्या दाखवण्यासाठी होती, पण मुलींना तिचाही धाक वाटायचा. इन्स्पेक्टर आले की मुख्याध्यापिका त्यांना हमखास तिच्याच वर्गावर नेत. नवी वाडीतल्या प्रभू घराण्यातली सून, बी. ए., बी. टी. झालेली, इस्त्रीचं पातळ नेसून ठाकुरद्वारच्या नाक्यावरून निघाली की दुकानदारसुद्धा नमस्कार करायचे. हा मान तिनं मेहनतीनं मिळवला होता आणि ती तो जपायची. जरा जास्तच जपायची.

तिच्या नवऱ्याला, मनमोहनला, असा मान कुणी दिला नव्हता. तो सरकारी कचेरीत कारकून होता. संध्याकाळी घरी आला की चहाचा कप घेऊन गॅलरीत बसायचा आणि गोष्टी लिहायचा. पण इतर लोक लिहायचे तशा नाहीत. त्याच्या गोष्टींत संसार नव्हता, हुंडा नव्हता, स्वातंत्र्याचा लढाही नव्हता. त्यात कधी एखाद्या गावातल्या सावल्या संप करायच्या, कधी एखादी नदी कंटाळून गाव सोडून निघून जायची. प्रकाशकांकडे हेलपाटे घालून तो थकला होता. एकानं तर तोंडावर सांगितलं, "गोरक्षकर, लहान मुलांना पऱ्या चालतात, मोठ्यांना संसार चालतो. हे तुमचं मधलंच काहीतरी मी विकू कुणाला?"

मनमोहननं ते मनाला लावून घेतलं नाही. खेतवाडीत कुशाबा म्हणून एकाचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांच्या कामातून सवड मिळेल तसे कुशाबा त्याच्या पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे छापून द्यायचा. पुस्तकं बांधून झाली की मनमोहन ती कापडी पिशवीत भरायचा आणि गिरगावापासून दादरपर्यंत दुकानं पालथी घालायचा. चार ठेवा, खपली तर बघू, असं म्हणणारा दुकानदार भेटला तरी स्वारी खुशीत घरी यायची.

उर्मिलेला पहिल्या पहिल्यांदा याचं काही वाटत नव्हतं. उलट लिहिलेलं पान वाचून दाखवायला त्याला तीच लागायची, आणि ती स्वयंपाक करता करता ऐकायचीही. पण एकदा तिच्या मावसबहिणीकडे बारशाला पंगत बसली असताना कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आमचे मनमोहनराव हल्ली राक्षसांच्या कचेरीत नोकरीला असतात!" सगळी पंगत हसली. मनमोहनही हसला. उर्मिलेनं मात्र उचललेला घास तसाच पानात ठेवला. घरी आल्यावर ती म्हणाली, "पुस्तकं काढा हवी तर. पण त्यावर आपलं नाव नको. शाळेत माझं काही नाव आहे."

मनमोहननं टोपी खुंटीला लावली. मग म्हणाला, "प्रभंजन कसं वाटतं?"

"चालेल," ती म्हणाली. त्यानं वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

प्रभंजन या नावानं निघालेलं पुस्तक होतं 'वाऱ्यानं नेलेला डोंगर'. एका बेटाच्या मधोमध एक डोंगर असतो. डोंगराच्या पश्चिमेला धो धो पाऊस, पूर्वेला खडखडाट. पूर्वेचे लोक म्हणतात, हा डोंगरच आपला पाऊस चोरतो. ते वाऱ्याकडे अर्ज करतात, की हा डोंगर घेऊन जा. वाऱ्याच्या कचेरीत एक म्हातारा कारकून असतो. तो अर्ज नीट वाचतो, मुरलेल्या कारकुनासारखा चार शंका काढतो आणि शेवटी पावती फाडतो: 'डोंगर एक, झाडांसकट, मिळाला.' हे वाक्य मनमोहननं वाचून दाखवलं तेव्हा उर्मिला हातातलं लाटणं खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. पुढं डोंगर जातो आणि ढग बेटावरून सरळ निघून जातात. ना इकडे थांबतात, ना तिकडे. मग तो डोंगर परत आणायला बेटावरची माणसं निघतात, अशी ती गोष्ट.

ते साल छप्पन्न होतं. जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला होता. नवी वाडीपासून हाकेच्या अंतरावर माणसं पडली होती आणि शाळा कितीतरी दिवस बंद होती. जूनमध्ये वर्ग भरले तरी मुलींची चित्तं थाऱ्यावर नव्हती. रस्त्यानं मोर्चा निघाला, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही आरोळी वर आली, की अख्खा वर्ग खिडकीकडे माना वळवायचा. भूगोल शिकवणाऱ्या बाईची तर आणखीच पंचाईत. भिंतीवर नकाशा जुन्या मुंबई राज्याचा, वर्तमानपत्रात रोज नवी सीमा, आणि मुली विचारायच्या, "बाई, आपण नक्की कुठल्या राज्यात?" उर्मिला म्हणायची, "पुस्तकात आहे ते लिहा."

त्याच जूनमध्ये सुनेत्रा दिघे नावाची एक नवी शिक्षिका शाळेत लागली. दादरची, नुकतीच बी. टी. झालेली. बोलायला चटपटीत, आणि कुठली गोष्ट मनात आली की ती केल्याशिवाय न राहणारी. तिच्याकडे सातवीचं मराठी होतं. जुलैतल्या एका दुपारी उर्मिला सातवीच्या वर्गात पश्चिम घाटाचा धडा घेत होती. 'घाटाच्या पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यछायेत येतो,' हे वाक्य ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आली होती आणि मुली ते वर्षानुवर्षं उतरवून घेत आल्या होत्या. त्या दिवशी मागच्या बाकावरून एक हात वर आला. हात बकुळाचा होता. ही मुलगी नाव विचारलं तरी पुटपुटायची.

"बाई, सह्याद्री नसताच तर?"

"नसता म्हणजे?"

"म्हणजे वाऱ्यानं नेला असता तर. मग देशावर पाऊस जास्त पडला असता का?"

"पडला असता की!" दुसरी मुलगी उभी राहिली. "मध्ये अडवायला कोण आहे?"

"मुळीच नाही," बकुळा मागे वळून तिच्याशी भांडायलाच लागली. "वारा वर चढलाच नाही तर ढग गार कसे होतील? गार झाले नाहीत तर पडतील कसे? कोकणातसुद्धा नाही पडणार!"

मग जो गलका झाला! कुणी कृष्णेचं काय होईल म्हणून विचारलं, कुणी आपल्या आजोळच्या भाताचं काय म्हणून. उर्मिला छडी हातात धरून नुसती उभी होती. इतक्या वर्षांत पर्जन्यछायेवर कुणी भांडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"हे कुठून काढलंत?" तिनं विचारलं.

"दिघेबाई ऑफ तासाला एक पुस्तक वाचून दाखवतात, बाई. प्रभंजन यांचं."

उर्मिलेच्या छातीत आधी आनंदाची लाट आली, अगदी कान गरम होईपर्यंत. आणि तिच्यामागोमाग भीती. पुस्तकाच्या मागच्या पानावर मिळण्याचा पत्ता कुशाबाच्या छापखान्याचा होता. खेतवाडी ती कितीशी लांब? ती म्हणाली, "बरं, बसा खाली," आणि पुढचा धडा काढला. त्या संध्याकाळी मनमोहन गॅलरीत बसला होता. त्याला हे सांगायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा भाजीच्या मिठाचं काहीतरी बोलून ती आत गेली.

ऑगस्टमध्ये शाळेत अवांतर वाचनाची पुस्तकं ठरवायची सभा झाली. मुख्याध्यापिका मृणालिनीबाई खुर्चीवर, शेजारी संस्थेचे चिटणीस गंगाधरपंत, आणि समोर सगळ्या शिक्षिका. चरित्रं, थोरांच्या आठवणी, नीतिकथा अशी पुस्तकं पटापट मंजूर झाली. मग सुनेत्रा उठली आणि तिनं 'वाऱ्यानं नेलेला डोंगर' टेबलावर ठेवलं.

गंगाधरपंतांनी चष्मा वर सरकवून ते चाळलं. माणूस दुष्ट नव्हता, पण चारचौघांत नकला करायची त्यांना भारी हौस. एका पानावर ते थबकले, उभे राहिले आणि म्हाताऱ्या कारकुनाचा घोगरा आवाज काढून वाचू लागले, "'डोंगर एक, झाडांसकट, मिळाला!' अहो, सही कुठंय? पावतीवरचं तिकीट कुठंय?"

सगळी खोली हसली. मृणालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि उर्मिलाही हसली. घरी हसली होती तसं नव्हे. सगळ्या हसतात, आपणच गप्प बसलो तर कुणाच्या तरी ध्यानात येईल, म्हणून हसली. हसताना आपला आवाज तिला परका वाटला.

सुनेत्रा तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "सर, मुली हे वाचून प्रश्न विचारायला लागल्यात. असं नसतं तर काय, हा प्रश्न आपण त्यांना कधी विचारू देतो? बाहेर अख्खी मुंबई एका नकाशासाठी रस्त्यावर आलीय. तो नकाशा अजून कुठल्या पुस्तकात आहे? कुणीतरी आधी मनात काढलाय म्हणूनच ना?"

"राजकारण नको," मृणालिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या. मग त्या उर्मिलेकडे वळल्या. "विषय डोंगराचा, पावसाचा. म्हणजे तुमच्या प्रांतातला. उर्मिलाबाई, तुमचं मत काय? तुम्ही म्हणाल ते करू."

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. सुनेत्राचे तर फारच आशेनं. सातवीच्या वर्गातला तो गलका तिनं मुलींकडून ऐकला असणार. पुस्तक चांगलं आहे, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण पुस्तक मंजूर झालं की लेखकाला बोलवा म्हणतील. कुशाबाकडे माणूस जाईल. आणि मग याच खोलीत गंगाधरपंत पुन्हा तो घोगरा आवाज काढतील, पण तेव्हा तो कुणाच्या नवऱ्याचा म्हणून काढतील? हे सगळं तिच्या डोक्यातून एका श्वासात गेलं आणि ती बोलून गेली.

"भूगोलाचा पाया खऱ्यावर असतो. डोंगर वारा उचलून नेतो असं वाचलेली मुलगी उद्या पेपरात तसंच लिहील. लेखकाला भूगोल ठाऊक असावा असं दिसत नाही. कुणी एक प्रभंजन म्हणून आहेत. कुठले प्रकाशक दारात उभं करत नाहीत म्हटल्यावर अशी माणसं स्वतःच पुस्तकं छापतात. शाळेनं कशाला त्यांच्या नादी लागायचं?"

"झालं तर मग," गंगाधरपंत म्हणाले आणि पुस्तक सुनेत्राकडे सरकवलं. सुनेत्रानं ते उचललं, पदरानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. ते पुसणं उर्मिलेला दिसलं.

त्याच आठवड्यात मनमोहन कचेरीतून आला तो हरखलेला. कुशाबानं निरोप दिला होता, की दादरच्या कुणी मास्तरीणबाई लेखकाचा पत्ता विचारत आल्या होत्या, त्यांना रविवारी दुपारी घरी जा म्हणून सांगितलंय. "आजवर पुस्तक वाचून घरी आलेलं कुणी पाहिलंयस? त्यांच्यासाठी कोळंबीची भानोली करशील?"

उर्मिलेला कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "रविवारी मला अच्युतदादाकडे जायचंय. वहिनीला बरं नाही." वहिनी ठणठणीत होती.

"मग त्यांना पुन्हा कधी बोलवू. तू नसताना काय मजा?"

"नको. येऊ द्या की."

रविवारी ती चिंचपोकळीला भावाकडे जाऊन बसली. वहिनीनं केलेला शिरा खाल्ला, भाच्यांचा अभ्यास घेतला, आणि सारखी घड्याळाकडे बघत राहिली. उन्हं उतरली तेव्हा आता पाहुणी गेली असेल असा हिशोब करून निघाली. पण त्या दिवशी लालबागला मोठी सभा होती, ट्राम जागोजागी अडल्या होत्या, आणि दादरहून निघालेली सुनेत्राही तशीच अडकून उशिरा पोचली होती. उर्मिला जिना चढून दारात आली तेव्हा ती आतच बसलेली होती. तिच्यासमोर कप रिकामा होता, आणि ती बसली होती त्याच्या बरोबर वर भिंतीवर मनमोहन आणि उर्मिलेचा लग्नातला फोटो होता.

सुनेत्रा उठून उभी राहिली. "नमस्कार, बाई."

"अगं, ही गंमत बघ!" मनमोहनचा चेहरा नुसता फुलला होता. "या दिघेबाई तुझ्याच शाळेतल्या निघाल्या! फोटो बघितला आणि दोन मिनिटं बोलल्याच नाहीत. पुस्तक त्यांनी तुमच्या सभेत ठेवलं होतं म्हणे. नाकारलं लोकांनी. असू दे, असू दे. ठेवलं हेच खूप. तू होतीस का गं त्या सभेला?"

उर्मिलेनं पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिच्या आधी सुनेत्राच बोलली. "बाईंना त्या दिवशी वर्ग होता. त्या सभा संपल्यावर आल्या."

"तरीच! नाहीतर ही बोलली असती," मनमोहन म्हणाला. "मीच हिला पुस्तकाचं शाळेत काढू नकोस म्हणून सांगितलंय. नवऱ्याचं पुस्तक बायकोनं पुढं करायचं, ते बरं दिसत नाही."

असं त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. परक्या बाईसमोर तो तिची बाजू सावरत होता, तीही तिनं न मागता. एका खोलीत दोन माणसं आपल्यासाठी खोटं बोलतात आणि आपण पर्स हातात धरून उभ्या आहोत, हे उर्मिलेला इतकं लागलं, की पाणी आणते म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ पाण्याच्या पिंपाशी उभी राहिली.

सुनेत्राला सोडायला ती जिना उतरून खालपर्यंत गेली. वाडीच्या तोंडाशी थांबून तिनं विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी नाही, बाई," सुनेत्रा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर उर्मिलेला सोपं गेलं असतं. "त्यांच्यासाठी. तुम्ही यायच्या आधी ते सगळा वेळ तुमच्याबद्दलच सांगत होते. तुम्ही दुसऱ्या दिवशीचा पाठ रात्री मोठ्यानं म्हणता, वारा वर चढतो, गार होतो, पाऊस पडतो, ते ऐकून ऐकून त्यांना गोष्ट सुचली म्हणे. म्हणाले, मला भूगोलातलं काय कळतंय, तो सगळा हिचाच. पुस्तकावर खरं तर दोघांची नावं हवीत." एवढं बोलून ती नाक्याकडे गेली.

सोमवारी शाळा भरायच्या आधी उर्मिला मृणालिनीबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली. रात्रभर घोळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी विसरली. "ते पुस्तक माझ्या यजमानांचं आहे," ती म्हणाली. "मी त्या दिवशी लपवलं. आणि पुस्तकाबद्दल बोलले तेही खरं नव्हतं. मुलींना त्याचा उपयोग होतो, मी वर्गात पाहिलंय. पुन्हा विचार व्हावा."

मृणालिनीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग उठल्या आणि चक्क तिचे दोन्ही हात हातात घेतले. "यजमानांचं पुस्तक! आणि तरी तुम्ही शाळेच्या हिताचं बोललात! उर्मिलाबाई, अशी माणसं राहिली कुठं?"

"तसं नाही हो. मी सांगतेय ते नीट ऐका..."

"आता यजमानांसाठी तुमचा जीव तुटतोय, ते मी समजू शकते. पण आता तर मुळीच घेता यायचं नाही. घरचं पुस्तक शाळेत खपवलं म्हणतील. त्या दिवशीच सांगितलं असतंत तर तुम्हाला बाजूला ठेवून आम्ही ठरवलं असतं. सुनेत्राचं मला बरंचसं पटलंही होतं."

दुपारच्या सुटीपर्यंत शिक्षिकांच्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. एकीनं तिच्या निःस्पृहपणाचं कौतुक केलं, दुसरीनं डब्यातला लाडू पुढं केला. उर्मिलेनं पुन्हा सांगून पाहिलं, की मी घाबरून बोलले होते. त्यालाही त्या विनय म्हणाल्या. सुनेत्रा कोपऱ्यात वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

घरी हे सांगायला उर्मिलेला तोंड नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, शनिवारी त्याला अर्धी सुटी असते तेव्हा सांगू, असं चाललं होतं. शनिवार उजाडायच्या आतच मनमोहन एका संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा घरी आला. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, आणि गॅलरीत न जाता आतल्या खोलीत तिच्यासमोर पाटावर बसला.

"प्रार्थना समाजापाशी गंगाधरपंत भेटले होते," तो म्हणाला. "हात धरून अभिनंदन केलं माझं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं म्हणाले. सभेत तू काय काय बोललीस ते सगळं सांगितलं. अगदी आवाज काढून."

उर्मिला तांदूळ निवडत होती. तिचे हात सुपातच राहिले.

"तुला खरंच तसं वाटलं होतं?" त्यानं विचारलं.

हो म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. निदान ते प्रामाणिक मत तरी ठरलं असतं. पण आणखी एक खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "मला फार आवडलं होतं. मुलींनाही आवडलं होतं. माझ्या वर्गात त्यावरून भांडल्या त्या."

"भांडल्या? कधी?"

"जुलैत."

मनमोहननं मान हलवली. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाला, "तसं वाटलं असतं ना, तर मला कमी लागलं असतं."

तो ओरडला नाही, जेवणावरून उठला नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कचेरीत गेला. नातेवाइकांत पूर्वीसारखाच हसत राहिला. फक्त लिहिलेलं पान वाचून दाखवणं त्यानं बंद केलं. बंद करतो असंही म्हणाला नाही. पहिले काही दिवस उर्मिला फोडणी देता देता कान देऊन उभी राहायची. गॅलरीतून टाकाची कुरकुर ऐकू यायची, आणि मग वही मिटल्याचा आवाज. एकदा तिनं धीर करून म्हटलं, "पुढच्या पुस्तकावर आपलं खरं नाव घाला." तो म्हणाला, "आता याचीच सवय झालीय," आणि दिवा पुसायला घेतला.

शाळेत तिचा मान वाढला. गॅदरिंगला मृणालिनीबाईंनी भाषणात तिचं उदाहरण दिलं, आणि टाळ्या थांबेपर्यंत उर्मिला मांडीवरच्या रुमालाची घडी घालत आणि मोडत बसली. सातवीच्या वर्गात मात्र तिनं एक केलं. धडा संपला की छडी टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "आता विचारा, हे नसतं तर काय?" मुली विचारायच्या. काही प्रश्नांनी तिची भंबेरी उडायची, तेव्हा उद्या बघून सांगते म्हणायची. एके दिवशी एकीनं विचारलं, "बाई, ते प्रभंजन कोण हो?"

"माझे यजमान," उर्मिला म्हणाली.

वर्ग चकित झाला. मग पुढच्या बाकावरची मुलगी सहज म्हणाली, "मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" प्रश्नात काही खोच नव्हती. उर्मिलेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात घंटा झाली. घंटेचे तिनं मनोमन आभार मानले, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

वर्ष संपल्यावर सुनेत्रानं शाळा सोडली आणि ती परळला गिरणी कामगारांच्या मुलांच्या एका शाळेत गेली. तिथं पुस्तकं मंजूर करायला कुणी बसलेलं नव्हतं. तोवर मनमोहनचं नवं पुस्तक कुशाबानं छापून दिलं होतं. एका शनिवारी सुनेत्रानं त्याला मुलांसमोर वाचायला बोलावलं. तो नवा सदरा घालून, पिशवी खांद्याला लावून गेला. उर्मिलेला चल म्हणाला नाही. तिनंही येऊ का म्हणून विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण कुठं टाकून आलो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो दिवेलागणीला परत आला. पूर्वी चार प्रती दुकानात ठेवून आला तरी हा माणूस चपला काढायच्या आत सगळं सांगायचा. आज त्यानं पाय धुतले आणि पाटावर येऊन बसला. तिनं पान वाढलं.

"कसं झालं?"

"बरं झालं."

तिनं वरण वाढलं, तूप वाढलं. मग खाली बघूनच विचारलं, "मुलांनी काय विचारलं?"

मनमोहननं भात कालवला. "नव्या गोष्टीत समुद्राची भरती-ओहोटी थांबते," तो म्हणाला. "शिवडीचा एक मुलगा होता. म्हणाला, मग आमच्या बंदरातल्या होड्या चिखलातच रुतून राहतील, त्या बाहेर कशा निघायच्या? मला सांगता आलं नाही."

उर्मिलेला उत्तर ठाऊक होतं. नुसतं होड्यांचं नव्हे, त्याच्याही मागचं. पण ते तिच्याकडे मागितलेलं नव्हतं. तिनं तुपाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "गोष्टीत चंद्र आहे?"

"आहे की. पहिल्याच पानावर उगवतो."

"मग भरती थांबणार नाही. चंद्र असला तर समुद्र ओढला जाणारच."

मनमोहनचा हात ताटात थांबला. हे पहिल्या पानाच्या वेळीच त्याला कळलं असतं. पण पहिलं पान तिनं ऐकलंच नव्हतं, आणि आता पुस्तक छापून झालं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. उर्मिलेनं मान आणखी खाली घातली. आपण काही बोलायलाच नको होतं, असं तिला वाटलं.

त्यानं भात संपवला, ताक घेतलं, उठून मोरीत हात धुतले. टॉवेलला हात पुसत दारात उभा राहून, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "आणि चंद्रच काढून टाकला तर?"

तिनं त्याचं ताट बाजूला सरकवलं. "तर बरंच काय काय होईल," ती म्हणाली, आणि एकेक करून सांगू लागली.